नागपूरहून पातालकोट आणि पचमढीच्या दऱ्यांत पायी फिरायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात तीन दिवस मोकळे आहेत, गाडी घरची आहे, सोबत साठी ओलांडलेले वडील आणि पंधरा वर्षांची मुलगी. मध्य प्रदेशातली पातालकोटची दरी आणि पचमढी, दोन्हीकडे दरीत उतरून चालायचं आहे. आखणी कशी करावी?

आधी माझं स्पष्ट मत सांगतो. तीन दिवसांत दोन्ही करू नका. पातालकोट नीट करा, पचमढीसाठी चौथा दिवस काढता आला तरच पुढे जा. नाहीतर तुमचा अर्धा वेळ घाटातल्या वळणांवर जाईल आणि दरी नुसती वरून बघून परत याल.

आपण विदर्भातली माणसं ट्रेक म्हटला की किल्ला डोळ्यांसमोर आणतो. किल्ल्यावर चढ आधी असतो. पाय ताजे असताना चढून होतं आणि दमल्यावर उतार मिळतो. दरीत सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात मजेत उतरून जातो, आणि खरा चढ समोर येतो तो दुपारी, पाणी संपत आलेलं असताना. म्हणून दरीचा प्लॅन शेवटापासून आखायचा. वर किती वाजता पोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. अमेरिकेतलं ग्रँड कॅन्यन सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका असं बजावून सांगतं, आणि उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा म्हणतं. पातालकोट तितकं खोल नाही. कड्यापासून तळापर्यंत साधारण 1,200 ते 1,500 फूट. पण हा दुपटीचा हिशोब इथेही तसाच लागू पडतो. 1,200 फूट म्हणजे सव्वाशे मजल्यांची इमारत जिन्याने चढण्यासारखं झालं, आणि हा जिना ओबडधोबड दगडांचा.

आता तुमचे तीन दिवस.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघा. सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, मग परासियाचा कोळसा खाणींचा पट्टा आणि पुढे तामिया. छिंदवाड्यापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिथून तामिया पंचावन्न. थांबत थांबत गेलात तरी दुपारपर्यंत पोचता. (छिंदवाड्याच्या अलीकडे एका बाजूला देवगड राहतो. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह तिथलाच गोंड राजा. मुलीला गाडीतच सांगा, आपल्या शहराचं मूळ या डोंगरांत आहे.) संध्याकाळी वडिलांना घेऊन तामियाच्या कड्यावर बसा आणि दुसऱ्या दिवसाचा वाटाड्या त्याच संध्याकाळी ठरवून टाका. सकाळी शोधायला निघालात तर चालायचे दोन तास हातचे जातात.

वाटाड्या हवाच, यात काटकसर नको. पातालकोट ही घोड्याच्या नालेसारखी दरी आहे, सुमारे 79 चौरस किलोमीटरची. आत बारा गावं, वस्ती भारिया आणि गोंड लोकांची, आणि तळातून दुधी नदी वाहते, ती पुढे नर्मदेला मिळते. गुरांच्या वाटा, मोहफुलं वेचायच्या वाटा, चारोळीच्या झाडांकडे जाणाऱ्या वाटा, सगळ्या एकमेकींत मिसळतात. नकाशात यातल्या फारशा दिसत नाहीत आणि कडा उतरला की मोबाईलची रेंजही भरवशाची राहत नाही. तिथला माणूस सोबत असला की रस्ता तर मिळतोच, शिवाय कुठली साल कशावर वापरतात, हिरडा-बेहडा कधी गोळा करतात, हे चालता चालता कळत जातं. मध्य प्रदेश सरकारने 2019 मध्ये या दरीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, तो का हे अशा माणसाबरोबर तासभर चाललात तरी समजेल. ठरलेले पैसे द्या, वर जेवणही द्या. आणि घरांचे, बायाबापड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ती त्यांची राहती गावं आहेत.

दुसऱ्या दिवशी नऊला उतरायला लागा. त्याआधी घाई नको, कारण डिसेंबरात दरीत ऊन उशिरा पोचतं आणि दवाने दगड निसरडे असतात. दीड तास उतरलात तर चढायला तीन तास धरा. म्हणजे साडेदहाला जिथे असाल तिथेच उतरणं थांबवायचं, नदी आली असो वा नसो, आणि साडेबाराला मागे फिरायचं. साडेतीनला वर. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी पडते. हातात राखलेले ते दोन तास मुरगळलेल्या पायासाठी असतात.

वडिलांना कड्यावरच्या पायवाटेने खाली नेऊ नका. आता काही गावांपर्यंत गाडीरस्ता उतरला आहे. तिथपर्यंत त्यांना गाडीने न्या, गावात थोडं सपाटीवर फिरवा. चढताना दम लागतो हे आपल्याला ठाऊक असतं, पण साठीनंतर गुडघे जातात ते उतरताना. त्यांचा आग्रहच असेल तर आतापासून महिनाभर सराव करा. नागपूर सपाट, बिल्डिंगला लिफ्ट, सेमिनरी हिल्सचा चढ फार तर वॉर्मअप म्हणायचा. त्यापेक्षा दर रविवारी रामटेक. अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढा आणि त्याच पायऱ्यांनी, हातात काठी घेऊन, सावकाश उतरा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर उत्तर मिळालंच.

पायाखालची जमीनही सह्याद्रीपेक्षा वेगळी आहे. इथे काळा बेसाल्ट कमी, वालुकाश्म जास्त. कोरडा असला की बूट छान धरतो. शेवाळलेला असला की अजिबात नाही. हिवाळ्यात सागाची पानं गळू लागतात. ही ताटाएवढी पानं वाळून वाटेवर पसरतात आणि त्यांच्याखाली सुटे गोटे लपलेले असतात. उताराला पाऊल टाकलं की पान दगडावरून सरकतं आणि पानाखाली गोटा फिरतो. अशा जागी टाच रोवू नका, तळवा आडवा टाकून चाला, आणि काठीने आधी पान बाजूला करा. मुलीला हे पहिल्या शंभर पावलांतच शिकवा.

पाणी माणशी तीन लिटर घरून न्या. झऱ्यांवर विसंबू नका. लिंबू, मीठ, साखर किंवा ओआरएस, आणि चढायच्या आधी खायला काहीतरी. चिवडा नको, तहान वाढते. पोळी-गूळ, संत्री, केळी उत्तम. औषधं सोबत ठेवा, कारण मोठं सरकारी रुग्णालय थेट छिंदवाड्याला आहे.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, ती म्हणजे आग्या मोहोळ. या कड्यांच्या छपरीखाली मोठमोठी पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, कड्याखाली शेकोटी नको, सिगारेट नको, आणि प्रतिध्वनी ऐकायला ओरडणं तर नकोच. वाटाड्या म्हणाला गप्प चला, तर गप्प चला.

तिसऱ्या दिवशी पाय बोलतील. तामियाजवळच्या छोट्या महादेवाला सकाळी जा, तेवढंच, आणि दुपारी नागपूरची वाट धरा.

चौथा दिवस मिळाला तर तिसऱ्या सकाळी देलाखारी, मटकुलीवरून पचमढी. साधारण ऐंशी किलोमीटर. मटकुलीला देनवा नदी लागते. पचमढीच्या पठाराभोवतीच्या खोल घळी तिच्याच खोऱ्यातल्या. वडिलांसाठी हांडी खोहचा कडा वरून बघणं पुरे. तुम्हा दोघांसाठी पांडव गुंफांकडून अप्सरा विहार आणि पुढे रजत प्रपात. मुलीत अजून दम असेल तर चौरागड, सुमारे 1,300 पायऱ्या. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन आपल्याकडची माणसं जातात तोच हा डोंगर. इथे चढ आधी असल्याने हिशोब सोपा. धूपगडसारख्या ठिकाणी वनखात्याचा परवाना आणि तिथली जिप्सी लागते, तेव्हा पोचल्याबरोबर ते काम उरका. नागद्वार मात्र या खेपेला डोक्यातून काढा. तो व्याघ्र प्रकल्पाच्या आतला भाग आहे आणि नागपंचमीच्या सुमाराला थोडेच दिवस उघडतो.

पावसाळ्यात जायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. धबधबे सुंदर असतात हे खरं, पण तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असताना वरच्या डोंगरात पाऊस होतो आणि ओढा मिनिटांत चढतो. वरून बघायला जुलै चांगला, उतरून चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुम्ही निवडलेला डिसेंबर योग्यच आहे. फक्त पचमढीला रात्री पारा पाच-सहा अंशांवर येऊ शकतो, तेव्हा वडिलांसाठी कानटोपी आणि जाड स्वेटर घ्या.