इनहेलर घेऊनही धाप हटत नसेल, तर हृदयाचा इको करून घ्या

दोन वर्षं सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) समजून आईंना इनहेलर चालू आहेत, आयुष्यात कधी विडी-सिगारेट नाही, तरी धाप हटत नाही. हृदयातल्या गाठीने असं होऊ शकतं का, हा तुमचा प्रश्न. होऊ शकतं. अशी गाठ दुर्मीळ असते, पण शोधायला सोपी, म्हणून ती शंका फेडून घ्यावीच.

हृदयातच उगवणाऱ्या गाठींत मोठ्यांमध्ये मिक्सोमा जास्त आढळतो. तो कॅन्सर नसतो. चारांतले साधारण तीन डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असतात. फुप्फुसांतून आलेलं रक्त इथूनच मायट्रल झडपेतून खाली उतरतं. गाठ झडपेच्या तोंडाशी आली की रक्त तुंबतं, मागे फुप्फुसांतला दाब चढतो, पाणी झिरपतं. मग खोकला, धाप, छातीत सूं-सूं, कधी थुंकीत रक्त. सगळी लक्षणं फुप्फुसाचीच वाटतात आणि तपास तिथेच थांबतो, हे मला फार खटकतं.

गाठ हलती असल्याने धाप कूस बदलल्यावर, आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर एकदम वाढू किंवा कमी होऊ शकते. कोणत्या स्थितीत काय होतं ते आठवडाभर लिहून ठेवा. सोबत बारीक ताप, वजन घटणं, वाढलेला ईएसआर (शरीरात दाह असल्याचं सुचवणारी रक्ततपासणी) असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कधीकधी हे टीबीच्या खात्यात जातं.

आधी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून केलेल्या श्वासाच्या तपासणीचा कागद काढा. सीओपीडी म्हणायला श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसी (एका दमात फुंकलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली हवं. ही तपासणी झालीच नसेल, तर निदान अजून पक्कं नाही. दुसरं, छातीवरून केलेला साधा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बहुतेक मिक्सोमा त्यातच दिसतात. चित्र धूसर आलं, किंवा गाठ की रक्ताची गुठळी असा प्रश्न पडला, तर अन्ननलिकेतून इको किंवा एमआरआय करतात. नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात गाठ दिसत नाही.

गाठ निघालीच तर औषधाने विरघळत नाही. ऑपरेशन करून देठाच्या बुडाशी असलेल्या पडद्याच्या भागासकट काढतात, आणि ते लांबवत नाहीत, कारण तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. नंतरही ठरावीक काळाने इको लागतो, क्वचित गाठ पुन्हा येते.

तोवर इनहेलर स्वतःहून बंद करू नका. चक्कर येऊन पडणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.