युरोपावरच्या भरतीला ‘उधाण’ म्हणावं का?

देवगडच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय की मुलं गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राचा तक्ता करतायत, तर तो गुरूजवळ आला की जी मोठी भरती येते तिला उधाण लिहिलं तर चालेल का, आणि युरोपा तो की ती?

बाई, उधाण नको, भरती-ओहोटीच ठेवा. आपल्या किनाऱ्यावर उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेचं पाणी, सूर्य-चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते म्हणून चढणारं, आणि अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात गेले की भांग, म्हणजे कमी चढणारं पाणी. म्हणजे या शब्दांत तिथी आहे, नुसतं जास्त पाणी नाही, तुमच्याकडच्या मच्छीमारांच्या पोरांना तर हे घरातूनच माहीत असणार. युरोपावर सगळा खेळ अंतराचा. त्याची कक्षा किंचित लांबट, फेरी ३.५५ दिवसांची, आणि आयो नि गॅनिमीड हे गुरूचे दुसरे दोन चंद्र त्याला ठरावीक तालात ओढत राहतात म्हणून ती पूर्ण गोल होतच नाही, मग गुरूजवळ गेला की ताण वाढतो, लांब गेला की कमी होतो.

अजून एक मोठा फरक. आपल्याकडे पृथ्वी फिरते म्हणून दिवसातून दोनदा पाणी चढतं, युरोपाची मात्र एकच बाजू कायम गुरूकडे, त्यामुळे फुगवटा जवळपास जागच्या जागीच राहून कमीजास्त होतो. आणि तिथे चढतं ते नुसतं पाणी नाही, वरचं कित्येक किलोमीटर जाड बर्फाचं कवचही उचललं जातं, खाली समुद्र असेल तर साधारण ३० मीटर, आणि सगळं घट्ट गोठलेलं असेल तर जेमतेम मीटरभर, असा हिशोब आहे! हे तक्त्यावर जरूर घ्या, आतल्या समुद्राचा अंदाज घ्यायची ती एक खूणच आहे.

‘भरतीमुळे उष्णता’ असंही लिहू नका, ओहोटी गाळली की अर्थ निसटतो. तार सारखी इकडून तिकडे वाकवली की गरम होते ना, तसंच, उष्णता नुसत्या ताणातून नाही तर ताण बदलत राहण्यातून येते, म्हणून तर पृष्ठभागावर उणे १६० अंश असूनही आत खारट समुद्र असावा असं शास्त्रज्ञ मानतात. पृष्ठभागावरच्या त्या लांबच लांब तांबूस रेघांना सरळ भेगा म्हणा, छान शब्द आहे.

युरोपा मी तरी ‘तो’ लिहितो, कारण चंद्र तो.