वीस महिन्यांच्या लेकीला घेऊन जर्मनीला: घर बाबा सांभाळणार असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: जोडपं गोव्यातल्या फोंड्याचं, बायकोला जर्मनीत नोकरी लागली आहे, लेक वीस महिन्यांची. पहिले काही महिने तिला नवरा सांभाळणार. दिवस कसा जातो, सोबत काय आणायचं आणि त्याने स्वतःसाठी नोकरी कधी बघायची, हे हवं आहे.

शेवटचं आधी, कारण बाकीचं त्यावरच अडतं. किटाची जागा मिळून लेक तिथे रुळेपर्यंत रुजू व्हायची तारीख कुणालाही देऊ नका. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकाच छताखाली. 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क कागदावर आहे, जागा कमी आहेत. मोठी मुलं शाळेत जातात तेव्हा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, बऱ्याच जागा सुटतात. मध्येच मिळाली तर नशीब समजा. आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. ती झाली की लगेच शहराच्या पोर्टलवर अर्ज टाका आणि जवळच्या चार-पाच किटांत स्वतः जाऊन या. टागेसमुटरसाठीही नाव घाला. ही परवाना घेतलेली बाई, बहुधा स्वतःच्याच घरी, एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते. हे काम करणारे पुरुषही आहेत. भाषा न कळणाऱ्या एवढ्याशा पोरीला माझ्या मते तेच बरं. अडचण एकच, ती बाई आजारी पडली की तुमचा दिवस गेला.

जागा मिळाली तरी मुलीला दारात सोडून निघता येत नाही. रुळवण्याची ठरलेली पद्धत आहे, तिला आइनगेव्यूनुंग म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती बर्लिन मॉडेलप्रमाणे चालते. पहिले तीन दिवस तासभर तुम्ही आत बसायचं. रोज एकाच पालकाने यायचं, आज आई उद्या बाबा असं नाही. कोपऱ्यात बसा, मोबाईल खिशात ठेवा, तिच्या खेळात लुडबुड करू नका. मांडीवर आली तर घ्या, नाही आली तर बोलावू नका, 'जा, खेळ जा' म्हणून ढकलूही नका. चौथ्या दिवशी पहिला निरोप. 'बाबा जाऊन येतो' असं सांगून, ती बघत असतानाच बाहेर पडायचं आणि इमारतीतच थांबायचं, फार तर अर्धा तास. तो दिवस सोमवार नसावा, कारण दोन दिवस घरी राहिल्यावर मूल पुन्हा घराला चिकटलेलं असतं. ती रडली आणि किटातल्या बाईंनी कडेवर घेतल्यावर शांत झाली, तर वेळ वाढवत नेतात. नाही झाली तर आणखी काही दिवस तुम्ही आत. कुणाचं आठवड्याभरात होतं, कुणाला तीन आठवडे लागतात. दुपारची झोप तिथे लागेपर्यंत महिना धरून चाला.

हे फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. पोर खेळात रमलं की बाप हळूच सटकतो. आपल्याकडे आजीपासून सगळे हेच करतात आणि घरी ते चालूनही जातं, कारण मागे ओळखीची चार माणसं असतात. इथे मागे सगळे परके. दुसऱ्या दिवसापासून तिची नजर दारावरून हलत नाही आणि पहिल्या तीन दिवसांची कमाई पाण्यात जाते.

म्हणून खरी तयारी गोव्यातच करा. किटात साडेअकराच्या सुमाराला जेवण, मग लगेच झोप. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' करत मागे फिरून कुणी भरवणार नाही. सगळी मुलं छोट्या टेबलाशी बसून आपल्या हाताने खातात. निघण्याच्या दोन महिने आधीपासून तिला चमचा द्या, सांडू द्या. झोळीत किंवा खांद्यावर झोपायची सवय असेल तर गादीवर थोपटून झोपवायला लागा. डायपर सोडवण्याची घाई नको, तीन वर्षांखालच्यांसाठी किटात तो विषय नसतो. आपल्या घरांत मराठी-कोकणी मिसळलेली असते, म्हणून तिचे दहा-बारा शब्द रोमन लिपीत, समोर जर्मन अर्थ, असे लिहून पहिल्याच दिवशी बाईंना द्या: उदक, शू, शी, दुखतं, नको, बस्स. 'उदक' म्हणजे पाणी हे न कळल्यामुळे मूल तहानलेलं रडत राहायला नको.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. गोवराच्या लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटा घेत नाही, हा कायदा 1 मार्च 2020 पासून आहे. वर्षाच्या मुलाला एक डोस लागतो, दोन वर्षांच्याला दोन. आरोग्य केंद्राच्या कार्डावर नुसतं 'एमआर' (गोवर-रुबेला) असतं. डॉक्टरांकडून लशीचं पूर्ण नाव आणि तारीख इंग्रजीत लिहून घ्या. एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते, ती इथला डॉक्टर पुढे देईल. बालरोगतज्ज्ञ आल्याआल्या गाठा, कारण पुष्कळ दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत. कुठेच दाद लागली नाही तर 116117 वर फोन करा. रात्री-अपरात्री दवाखाने बंद असतानाही हाच नंबर, आणि जिवावरचं असेल तर 112. 21 ते 24 महिन्यांतली 'ऊ-7' ही मुलांची ठरलेली तपासणी चुकवू नका. व्हिटॅमिन डीचं तेव्हाच विचारा.

तापाच्या औषधात एक धोका आहे. भारतातलं पॅरासिटामॉल सिरप 5 मिलीत 120 किंवा 250 मिग्रॅ असं येतं, इथलं सहसा 1 मिलीत 40, म्हणजे 5 मिलीत 200. तिकडचे मिली इकडच्या बाटलीला लावले की डोस चुकतो. वजन लक्षात ठेवा: किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, दोन डोसांत सहा तास. इथे गुदद्वारातून द्यायच्या वड्याही सर्रास लिहून देतात, 7 ते 12 किलोला 125 मिग्रॅची. किटाच्या पहिल्या हिवाळ्यात नाक वाहणं थांबतच नाही असं वाटेल. पुढे तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा मुलाच्या आजारपणाची रजा मिळते. 2025 मध्ये सरकारी आरोग्य विम्यात ती प्रत्येक पालकाला एका मुलामागे 15 दिवस होती.

थंडीची धास्ती घेऊ नका, पण म्हापशाच्या बाजारात स्वेटरही घेऊ नका. इथे पावसातही मुलांना बाहेर काढतात. मात्शहोजे नावाची रबरी चिखलपँट, गमबूट, आत घालायचे बूट आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड किटात ठेवावा लागतो, सगळ्यावर नाव घालून. मुलांच्या जुन्या बाजारात हे स्वस्तात मिळतं. गाडीतल्या सीटवर जाड जॅकेट काढूनच पट्टा लावा, नाही तर पट्टा सैल राहतो. घरात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते ती कशी, हे गोंयकाराला सांगायला नको. इथे ती हिवाळ्यात धरते.

तिजणासाठी, म्हणजे नाचणीच्या खिरीसाठी, नाचणी श्रीलंकन तमिळ दुकानात 'कुरक्कन' नावाने शोधा. पेजेला लाल उकडा तांदूळही तिथेच मिळेल, गोठवलेला खवलेला नारळही. बांगडा मिळतो तो बहुधा धुरी दिलेला आणि खारट. तिला देऊ नका. तूप किंवा दुधाचे पदार्थ बॅगेत भरू नका, युरोपात आणायला बंदी आहे.

पैशांचं झटपट: किंडरगेल्ड, म्हणजे सरकार मुलामागे देतं ते पैसे, 2025 मध्ये महिना 255 युरो होतं. अर्ज उशिरा केला तर मागचे सहाच महिने मिळतात. बायकोचा विमा सरकारी असेल आणि तुमची कमाई नसेल, तर तुम्ही आणि लेक त्यात फुकट बसता.

पहिल्या आठवड्यात ती रात्री अडीचला टक्क जागी होईल, कारण गोव्यात तेव्हा हिवाळ्यात सात वाजलेले असतात, उन्हाळ्यात सहा. दिवे लावू नका, खेळणी काढू नका. रोज तासाभराने सरकत जाईल. सकाळी उजेडात बाहेर न्या. डिसेंबरात साडेचारपर्यंत अंधार पडतो, म्हणून बागेची वेळ सकाळचीच, बादली-फावडं घेऊन. आजी-आजोबांना फोन दुपारी चारला लावा, तिकडे हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेसात. आणि डायपर शनिवारीच आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद.