मशीन असूनही सुट्टीचा अख्खा दिवस कपडे धुण्यात जातो. हे काम आटोपशीर कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं आहेत, मशीन चांगलं आहे, तरी आठवडाभराचा ढीग उपसता उपसता संध्याकाळ होते. पण तुमचा वेळ धुण्यात जातच नाहीये, धुतं ते मशीन. वेळ खातं ते आधीचं निवडणं आणि नंतरचं वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं. त्यामुळे भारीतली पावडर किंवा नवीन मशीन आणून फारसं काही साधणार नाही.

सगळ्यात आधी तो एक दिवस मोडीत काढा. एका दिवसात पाच खेपा धुऊन होतील हो, पण वाळत घालायला दोरी कुठून आणणार? आमच्याकडे दोन टोपल्या आहेत, एक फिकट कपड्यांची, एक गडद. ज्याने कपडा अंगातून काढला त्यानेच खिसे तपासायचे, बाह्या सरळ करायच्या, चेन लावायची आणि योग्य टोपलीत टाकायचा. (हा नियम घरात रुजवणं हेच सगळ्यात अवघड काम, बाकीचं सोपं.) जी टोपली भरेल ती त्या दिवशी लागते. वार ठरलेला नाही.

मशीन मात्र ठासून भरू नका. कपडे टाकल्यावर ड्रममध्ये वरच्या बाजूला हात सहज जायला हवा. कपडे एकमेकांवर आपटले, घासले गेले तरच मळ सुटतो. पावडरीचंही तसंच. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हा समज काही जात नाही. जादा फेसाने उलट कपड्यांचं घासणं कमी होतं, तो नीट खळबळून निघत नाही आणि कपडे कडक होतात. शंका असेल तर धुतलेला टॉवेल पावडर न घालता नुसत्या पाण्यात फिरवून बघा. फेस आला तर तुमचं माप चुकतंय. पाणी जड असेल तर पावडर थोडी जास्त लागते, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साफ करणाऱ्या घटकांना अडकवून ठेवतं. टॉवेलला सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

रोजच्या कपड्यांना 30 अंश पुरे. मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. आजारी माणसाचे कपडे, पायपुसणी यांना 60 ठीक. रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाण्यातच भिजवा, गरम पाण्याने त्यातलं प्रथिन गोठून डाग पक्का बसतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालण्याचा उपाय सगळीकडे दिसतो, पण ते एकमेकांना मारून टाकतात, हाती फक्त बुडबुडे. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही घालू नका, विषारी वायू तयार होतो.

खरा वेळ वाचतो तो वाळवण्यात. कापड सोसणारं असेल तर पिळायचा वेग 1000 ते 1200 फेऱ्यांवर ठेवा, मशीनमध्ये जेवढं पाणी निघेल तेवढं दोरीवरचं थांबणं कमी. खेप संपल्यावर कपडे लगेच बाहेर काढा. ओल्या कपड्यांना येणारा तो कुबट वास मुख्यतः मोराक्सेला नावाच्या जिवाणूंमुळे येतो, हे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. कपडे जितका वेळ ओले, तितकं त्यांचं फावतं.

शर्ट खांद्यांना धरून दोनदा जोरात झटका, कॉलर आणि पुढची पट्टी हाताने ओढून सरळ करा आणि तसाच हँगरला लावा. वाळला की हँगरसकट कपाटात. घडी नाही, बऱ्याचदा इस्त्रीही नाही. पँट दोरीवर दुमडून टाकण्याऐवजी कमरेला चिमटे लावून तोंड उघडं ठेवा, आतून हवा खेळते. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवंच. घरात वाळवत असाल तर पंखा लावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर ओलावा खोलीतच फिरत राहतो.

घड्या दोरीपाशी उभ्यानेच घाला. खुर्चीवर एकदा ढीग पडला की तो तिथेच राहतो. आतल्या कपड्यांना आणि मोज्यांना घडी घालायची गरज मला तरी कधी कळलेली नाही, प्रत्येकाचा एक खण आणि त्यात टाकून मोकळं व्हायचं. मोजे सगळे एकाच रंगाचे घेतले तर जोड्या लावणंही सुटतं. मुलं कुरकुरतील, पण आठवडाभरच.