साचलेल्या पाण्यात उभे पीक का कोमेजते?

प्रश्न : जोराच्या पावसानंतर शेतात तीन दिवस पाणी साचून राहिले. पाने पिवळी पडली असून भर पाण्यात रोपांनी माना टाकल्या आहेत. युरियाचा हप्ता लगेच द्यावा काय?

उत्तर : युरिया तूर्त देऊ नये. रोपांना नत्र कमी पडत असले, तरी आजची मुख्य अडचण मुळांना हवा न मिळण्याची आहे.

पानांच्या पेशींतील हरितलवके सूर्यप्रकाशाच्या बळावर शर्करा तयार करतात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्या शर्करेतील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपी या रूपात आणण्याचे बहुतेक काम तंतुकणिका (पेशीतील मायटोकॉन्ड्रिया हे सूक्ष्म घटक) करतात, आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. जमिनीखालच्या मुळांत हरितलवके नसल्यामुळे त्यांची शर्करा पानांकडून येते, तर प्राणवायू मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग तंतुकणिका अडतात आणि पेशीद्रव्यात शर्करेचे अर्धवट विघटन तेवढे चालू राहते. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात, तो नसताना केवळ २. एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर मुळांना अन्नद्रव्ये आत ओढून घेता येत नाहीत. शिवाय पेशीद्रव्य आम्लधर्मी होऊन पेशीपटलातील पाण्याच्या वाटा मिटतात, म्हणूनच पाण्यात उभे असलेले रोप तहानलेले राहते. (भाताच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असल्याने त्याला हा नियम तसाच लागू करू नये.)

पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसत असेल, तर रोप त्या पानांतील हरितलवके मोडून त्यांतले नत्र कोवळ्या पानांकडे वळवीत आहे, असे समजावे. याउलट कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोहाच्या कमतरतेची शक्यता अधिक असते. लोह हरितद्रव्याचा घटक नसला तरी ते तयार होण्यासाठी आवश्यक आहे, आणि तंतुकणिकांच्या कामातही त्याचा वाटा असतो.

म्हणून प्रथम उताराच्या दिशेने चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा येईपर्यंत शेतात कोळपणी करू नये, कारण ओल्या मातीत अवजार फिरवल्यास उरलेल्या पोकळ्याही दबतात. पाणी असताना टाकलेला युरिया काही अंशी वाहून जातो, आणि हवा नसलेल्या मातीतील जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून नत्र वायुरूपात उडवून लावतात. दरम्यान नत्राची उणीव स्पष्ट दिसल्यास १ लिटर पाण्यात १० ग्रॅम युरिया या प्रमाणात सकाळी किंवा सायंकाळी पानांवर फवारणी करावी.

वाफसा आल्यावर दोन-चार रोपे उपटून मुळे पाहावीत. पांढरी, नवी टोके फुटलेली दिसली, तर युरियाचा हप्ता विभागून द्यावा. मुळे काळी पडून त्यांना कुजकट वास येत असेल, तर खत थांबवून मुळकुजीची तपासणी आधी करून घ्यावी.