वाचक विचारतात : युरोव्हिजनचे वऱ्हाडातले श्रोते

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपीय देशांमधली गीतस्पर्धा मला काही वर्षांपूर्वी मोबाईलवर योगायोगाने सापडली आणि तेव्हापासून मे महिन्यात मी तिची वाट पाहत असते. अंतिम फेरी आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होते. घरचे सगळे अंगणात झोपलेले असतात आणि मी कानात इयरफोन घालून बाजेवर बसलेली असते. सासूबाईंना जाग आली की त्या विचारतात, "काहून वं माय, एवढ्या राती कोनाचं लगन लागून रायलं?" गेल्या वर्षी नेमके गुण जाहीर होत असताना वीज गेली आणि पाठोपाठ नेटवर्कही गेले. स्पर्धेत आपला देश नाही, गाण्यांची भाषा कळत नाही, तरीही मत द्यावेसे वाटते. ते देता येते का, त्याला किंमत असते का, आणि परक्यांच्या स्पर्धेत इतके गुंतणे हास्यास्पद तर नाही ना?
— एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : मत देता येते आणि त्याला किंमतही असते, मात्र ती किती, हे आधी समजून घेतलेले बरे. स्पर्धेचे आयोजन करणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०२३ च्या लिव्हरपूल येथील स्पर्धेपासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांना ऑनलाइन मतदान खुले केले आणि पहिल्याच वर्षी १४४ देशांतून मते आली. भारत, ब्राझील, अमेरिका अशा सगळ्या बाहेरच्या देशांची मते एकत्र करून 'उर्वरित जग' असा एकच मतदार धरला जातो, आणि हा मतदार आपल्या पहिल्या दहा पसंतींना १२, १० व पुढे ८ ते १ असे गुण देतो. एकट्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर होती. उर्वरित जगाच्या हाती मात्र पाच-साडेपाच लाख वस्तीच्या माल्टा या सहभागी देशाच्या जनतेइतकेच गुण आहेत. मला यात अन्याय दिसत नाही. स्पर्धा त्यांची आहे आणि त्यांनी पाहुण्यांसाठी एक पाट मांडला, हेच पुष्कळ झाले.

व्यवहाराची बाजू अशी की हे मतदान कार्डाने पैसे भरून होते आणि आतापर्यंत एका मताला जवळपास एक युरो, म्हणजे शंभर रुपयांच्या आगेमागे खर्च आलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात, मर्यादा कमी ठेवावी आणि काम झाले की लगेच बंद करावेत. एका कार्डावरून पूर्वी वीस मते देता येत. २०२६ पासून ही मर्यादा दहावर आणली आहे. माझ्या मते एक मत पुरे. एकाच गाण्यावर हजार रुपये उधळण्याला मी रसिकता म्हणणार नाही, मग ते गाणे कितीही आवडलेले असो.

जागरणाविषयी बोलायचे तर उर्वरित जगाचे मतदान थेट कार्यक्रमाच्या कित्येक तास आधी सुरू होते, त्यामुळे मत द्यायला जागावे लागत नाही. सगळी गाणी मार्चच्या मध्यापर्यंत जाहीर झालेली असतात आणि स्पर्धेच्या यूट्यूब वाहिनीवर ऐकता येतात. नियमाप्रमाणे प्रत्येक गाणे तीन मिनिटांच्या आत असल्यामुळे दुपारी ऊन उतरेपर्यंत आठ-दहा गाणी सहज ऐकून होतात. थेट प्रक्षेपण तेथील रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते आणि अंतिम फेरी पहाटे चारच्या पुढे जाते. मे महिन्यात आपल्याकडच्या विजेचा भरवसा धरू नये, हे आपल्याला मी सांगायला नको. तरीही एकच रात्र जागायची असेल तर मी अंतिम फेरीऐवजी उपांत्य फेरी निवडेन. त्या दोन असतात, मंगळवारी आणि गुरुवारी. आपल्याला सवयीची नसलेली, आडवळणाची गाणी तेथे ऐकायला मिळतात आणि त्यांतली बरीचशी तेथेच गळतात.

गुणमोजणी मात्र थेट पाहण्यात जी गंमत आहे, ती सकाळी निकाल वाचण्यात नाही. आधी एकेका देशाच्या परीक्षकांचे गुण येतात आणि त्यानंतर परीक्षकांच्या यादीत तळाशी असलेल्यापासून सुरुवात करून प्रत्येकाच्या पदरात जनतेचे गुण एकदम टाकले जातात. २०२५ मध्ये बासेल येथे यजमान स्वित्झर्लंडची गायिका झोए मे हिला परीक्षकांनी २१४ गुण दिले आणि जनतेकडून शून्य मिळाले. आपल्याच घरच्या मंचावर, हजारो लोकांसमोर तिने तो आकडा ऐकला. तिचे फ्रेंच गाणे मला त्या रात्रीच्या कित्येक गाण्यांपेक्षा सरस वाटले होते, आणि त्या रात्री माझे मत दुसऱ्या कोणाला गेले नसते.

आता हास्यास्पद वाटण्याविषयी. या स्पर्धेत कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही. खंजिरी भजनाच्या स्पर्धेला परीक्षक बाहेरगावचे बोलावतात, त्यामागचाच हा विचार आहे. तरी शेजारी शेजाऱ्याला गुण देतो, परदेशी स्थायिक झालेले लोक मायदेशाला देतात आणि राजकारणही मतांत उतरते, ही तक्रार जुनी आहे. दारव्ह्याच्या श्रोत्याला यांपैकी कोणतेच ओझे नाही. भाषा कळत नाही याचेही वाईट वाटून घेऊ नये, कारण १९९९ मध्ये भाषेचे बंधन उठल्यापासून बहुतेक गाणी इंग्रजीत होत असली, तरी २०१७ मध्ये पोर्तुगीज, २०२१ मध्ये इटालियन आणि २०२२ मध्ये युक्रेनियन गाणे जिंकले, आणि ज्यांनी त्यांना मते दिली त्यांतल्या बहुतेकांना ते शब्द कळत नव्हते. सासूबाईंना एखाद्या रात्री एक इयरफोन द्यावा. लग्न कोणाचे ते त्यांचे त्या ठरवतील.

प्रश्न : ऑस्ट्रेलिया युरोपात नसूनही भाग घेतो, मग भारत का नाही?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जि. बुलढाणा

उत्तर : या स्पर्धेत सरकारे नव्हे, तर प्रसारण संस्था उतरतात आणि त्या मुख्यतः युरोपीय प्रसारण क्षेत्रातल्या असाव्या लागतात, भारत त्या क्षेत्राबाहेर आहे. ऑस्ट्रेलियाची एसबीएस ही वाहिनी १९८३ पासून स्पर्धा दाखवत होती, युरोपातून तेथे गेलेल्या कुटुंबांनी ती घरोघरी नेली, आणि २०१५ मध्ये साठाव्या स्पर्धेच्या निमित्ताने त्या देशाला बोलावणे आले, ते पुढेही चालू राहिले. आपल्याकडे अजून एकही वाहिनी ही स्पर्धा नेमाने दाखवत नाही, तेव्हा निमंत्रणाची चर्चा फारच पुढची झाली.