मोबाईलमधलं कवितांचं अ‍ॅप डेस्कटॉपवर कसं टाकायचं? (विंडोज १०, ४ जीबी रॅम)

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: अ‍ॅप मोठ्या पडद्यावर हवंय, दुकानात एम्युलेटर (कॉम्प्युटरवर अँड्रॉइड फोनची नक्कल चालवणारा प्रोग्राम) टाकून घेतल्यापासून मशीन अडकतंय, आणि मराठी नीट उमटत नाही. दुसरी वाचली आणि राहवलं नाही. आपल्या बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणीही हा प्रश्न घेऊन दुकानात गेला की उत्तर एकच, एम्युलेटर. चार ओळींच्या कवितेसाठी ४ जीबीच्या मशीनवर अख्खं दुसरं अँड्रॉइड चालवायचं म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रॅक्टर काढणं.

आधी अ‍ॅपची वेबसाइट आहे का बघा. प्रतिलिपीसारख्यांची मराठी वेबसाइट आहेच. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये ती उघडा, तीन टिंबांच्या मेनूत ‘अ‍ॅप्स’ शोधा आणि ‘इन्स्टॉल धिस साइट अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅप’ दाबा. क्रोममध्येही अशी सोय आहे. वेगळी खिडकी, टास्कबारवर चिन्ह, आणि रॅम एका टॅबपुरती. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

वेबसाइट नसेल तर फोनच पडद्यावर आणा. ‘एस-सी-आर-सी-पी-वाय’ या स्पेलिंगचं एक फुकट, मुक्त स्रोत साधन गिटहब या साइटवर आहे. झिप उतरवायची, उलगडायची, आतली त्याच नावाची फाइल चालवायची. फोन अँड्रॉइड ५ किंवा पुढचा लागतो, रूट (फोनची बंधनं तोडून पूर्ण ताबा घेणं) लागत नाही. फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल जोडल्यावर फोन परवानगी विचारतो, ती द्या. परवानगीची खिडकीच आली नाही तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. रेडमीवर चित्र दिसतं पण माउस चालत नाही अशी तक्रार हमखास येते. तिथे ‘यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ असा दुसरा खटका आहे, तोही चालू करून फोन रीस्टार्ट करा. अल्ट आणि ओ दाबलं की फोनचा पडदा विझतो, कॉम्प्युटरवर चित्र राहतं. अ‍ॅप फोनवरच चालत असल्याने तुमच्या अर्धवट कविताही तिथेच असतात.

हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. एम्युलेटरमधलं अ‍ॅप कोरं असतं. मसुदे खात्यावर साठत असतील तरच लॉगिन केल्यावर दिसतील. नुसते फोनमध्ये असतील तर येणार नाहीत, आणि अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपच्या डेटाच्या फोल्डरमध्ये साध्या फाइल मॅनेजरने शिरताही येत नाही. तेव्हा ‘आता कॉम्प्युटरवर आलंय’ म्हणून फोनमधलं काढून टाकू नका. आधी एकेक मसुदा कॉपी करून स्वतःकडे घ्या.

एम्युलेटरच हवा असेल तर ब्लूस्टॅक्स ५ घ्या, त्याच्या स्वतःच्या साइटवरून. ४ जीबी रॅम आणि ५ जीबी रिकामी जागा ही त्याची किमान अट आहे. म्हणजे तुमचं मशीन उंबरठ्यावर आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू बघा. ‘व्हर्च्युअलायझेशन’ डिसेबल्ड दिसलं तर मशीन अडकण्याचं कारण बहुतेक तेच. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडतात त्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड चालू करा. बायोससाठी एचपीला एफ-१०, डेलला एफ-२, सुट्या मदरबोर्डवर बहुधा डिलीट. मग ब्लूस्टॅक्सच्या सेटिंग्जमध्ये दोन कोर, मेमरी लो, फ्रेम रेट ३०, डिस्प्ले उभा, डीपीआय २४०. आडवा ठेवला तर काही अ‍ॅप्स ओळी ताणून पसरवतात आणि तुमची यमकं कुठे संपतात तेच कळत नाही. अक्षरांच्या जागी काळे चौकोन आले तर ग्राफिक्स रेंडरर बदला. प्ले स्टोअर ‘डिव्हाइस सुसंगत नाही’ म्हणालं तर मल्टी-इन्स्टन्स मॅनेजरमधून दुसऱ्या अँड्रॉइड आवृत्तीचा इन्स्टन्स बनवा. कुठल्यातरी साइटवरची एपीके (अ‍ॅप बसवायची) फाइल आणू नका. आणि यूपीएस नसेल तर पावसाळ्यात सांभाळा. वीज मध्येच गेली तर एम्युलेटरची आभासी डिस्क बिघडू शकते, मग त्यातलं सगळं गेलं.

विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टचीच अँड्रॉइड सोय आहे असं अजून सांगितलं जातं. ती ५ मार्च २०२५ ला बंद झाली. सोडा तो विषय.

आता मराठी. आपल्याकडच्या मशीनांवर नुडी किंवा बरह हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं असतं. ते मागे चालू असलं की कळा मध्येच पकडतं आणि मराठीच्या जागी भलतंच उमटतं. घड्याळाजवळच्या चिन्हावरून आधी ते बंद करा. मग विंडोजच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. ही सोय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आहे. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी, कन्नड, मराठी बदलता येतं.

पण एम्युलेटरच्या किंवा फोनच्या खिडकीत थेट टाइप करू नका. वर सांगितलेलं फुकट साधन मूळ सेटिंगवर देवनागरी पाठवतच नाही. एम्युलेटरमध्ये काने-मात्रा मागे-पुढे होऊ शकतात. नोटपॅडमध्ये लिहा, कॉपी करा, तिकडे कंट्रोल-व्ही. वर्डमधून चिकटवू नका. वर्डमध्ये एंटर म्हणजे नवा परिच्छेद, त्यामुळे अ‍ॅपमध्ये दोन ओळींत मोकळी जागा पडते आणि ओवीची मुक्तछंदातली कविता होते. १९०३ च्या आधीचं विंडोज असेल तर नोटपॅड सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर उद्या फाइलभर प्रश्नचिन्हं दिसतील.

‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला र मुद्दाम तपासा. इन्स्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कीबोर्डवर शिफ्ट-जे, मग डी, मग य. काही जुन्या कीबोर्डांतून साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह जातं. दिसायला तेच, पण एखाद्या अ‍ॅपने ते चिन्ह गाळलं की ‘पायर्या’ होतं. शोधतानाही दोन्ही वेगळे शब्द धरले जातात.

इथपर्यंत आलोच आहोत तर एक जुना वाद मिटवतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांचे दिवस आले की स्मरणिकेसाठी कविता मागवतात, आणि डीटीपीवाले म्हणतात, ‘युनिकोड छापता येत नाही, आमच्या फॉन्टात आणा.’ येतं की! युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच अक्षर दाखवणारी सामाईक पद्धत. २००१ चा पेजमेकर ७ युनिकोड ओळखत नाही, हा पेजमेकरचा दोष, तुमच्या कवितेचा नव्हे. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला की जोडाक्षरं जागेवर बसतात. लिब्रेऑफिसमध्ये तर काहीच करावं लागत नाही, पीडीएफ काढा आणि द्या. जुन्या फॉन्टात टाइप केलेली कविता तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तुमच्या अ‍ॅपमध्येही ती चिकटवता येणार नाही, कन्व्हर्टरमधून काढावी लागेल आणि रफार हाताने तपासावे लागतील. म्हणून मूळ प्रत युनिकोडमध्येच ठेवा. कुणाला दुसरं काही हवं असेल तर रूपांतर त्यांनी करावं.

राहिलेलं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा ओटीपीचं लॉगिन त्या मशीनवर साठवून ठेवू नका. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा, विशेषतः फोनमध्ये बँकेचं अ‍ॅप असेल तर. लिनक्स असेल तर तिथे अँड्रॉइड अ‍ॅप्स चालवणारं वेड्रॉइड बघा, पण त्याला वेलँड ही पडदा हाताळणारी प्रणाली लागते. आणि फोन आयफोन असेल तर वरची फोन पडद्यावर आणायची पद्धत चालणार नाही; वेबसाइट, नाहीतर एम्युलेटर.